घरातल्या जुन्या वस्तूवरचं कुलचिन्ह कसं ओळखायचं: मुंबईकरांसाठी पहिल्यापासून

मुंबईतल्या जुन्या मराठी घरांत अशी एखादी वस्तू निघतेच. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या खणात, नाहीतर रिडेव्हलपमेंटला जाणाऱ्या चाळीतली खोली रिकामी करताना. चांदीचं तबक, काट्या-चमच्यांची पेटी, पितळी बिल्ला, लाखेवर उठवायचा शिक्का, काठीची मूठ. त्यावर एक ढाल, दोन्ही बाजूंना उभी जनावरं आणि खाली पट्टीवर न कळणारी अक्षरं. तिची गोष्टही घरात ठरलेली असते: "पणजोबांना महाराजांनी दिलं", किंवा "हे आपल्या घराण्याचं चिन्ह".

आमच्या आत्याकडे गिरगावात असंच एक तबक होतं. मधोमध रानडुकराचं मुंडकं आणि त्याभोवती बकल लावलेला गोल पट्टा. वराह अवतार म्हणून ते देवघरात असायचं आणि दसऱ्याला आपट्याची पानं त्यातूनच फिरायची. त्याचा माग काढताना जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण मराठीत हे एका जागी सापडत नाही आणि इंग्रजीत जे सापडतं त्यात मुंबईतल्या घराचा विचार नसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. चिन्ह त्या वस्तूच्या पहिल्या मालकाबद्दल सांगतं, तुमच्या वंशाबद्दल नाही. ती वस्तू आपल्या घरी कशी आली हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाचा. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की शोध भरकटतो.

१. घासू नका

वस्तू हाती आली की पहिली इच्छा होते ती चकचकीत करण्याची. चिंच-मीठ, रांगोळी, राख, टूथपेस्ट, बाजारातली पावडर, यातलं काहीही लावू नका. कोरीव रेषा केसाएवढ्या बारीक असतात आणि दर घासणीत थोड्या झिजतात. मुलामा दिलेली वस्तू असेल तर उंच भागावरची चांदी जाऊन खालचं तांबं किंवा पितळ दिसायला लागतं, आणि नेमकं चिन्हच पुसट होतं. रेषांत बसलेला काळेपणा शोधाच्या कामी येतो. त्यामुळेच तर रेषा दिसतात. धूळ मऊ सुती फडक्याने टिपून घ्या, तेवढं पुरे.

२. साहित्य आणि कागद जमवा

साहित्य साधंच आहे: दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग, मोबाइल, एक छोटी टॉर्च, बटर पेपर, मऊ शिसाची पेन्सिल, मोजपट्टी आणि एक वही.

कागद मात्र नेटाने जमवावे लागतात. जिच्याकडून वस्तू आली त्या व्यक्तीचे हे कागद शोधा:

- नोकरीचे दाखले, बढतीची आणि निवृत्तीची पत्रं, पेन्शनचे कागद
- सर्व्हिस बुक किंवा सैन्यातलं डिस्चार्ज सर्टिफिकेट, खलाशी असतील तर नली (नोंदवही)
- जुने ग्रुप फोटो, विशेषतः ऑफिसच्या निरोप समारंभाचे
- खोलीच्या भाडेपावत्या आणि जुनी रेशनकार्डं, कारण पत्ता आणि साल त्यांतून कळतं
- बारशाच्या, लग्नाच्या आहेराच्या याद्या

आहेराच्या यादीला कुणी हात लावत नाही. पण "चांदीचे तबक १, साहेबांकडून" अशी एक ओळ सगळा प्रश्न सोडवू शकते.

३. घरातल्यांना विचारा, पण एकेकट्याने

मावशी, काका, आत्या यांना एकत्र बसवून विचारलंत तर सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितलेली गोष्ट खरी ठरते. प्रत्येकाला स्वतंत्र विचारा आणि जसं सांगतील तसं लिहून घ्या. "कुणी दिलं?" असं विचारू नका. "तू हे पहिल्यांदा कुठे पाहिलंस, कशासाठी वापरत होते, कोण त्याला हात लावू देत नसे?" असं विचारा. माणसं कारणं विसरतात, जागा विसरत नाहीत.

४. फोटो तिरप्या उजेडात काढा

फ्लॅश बंद ठेवा. खोलीत अंधार करून वस्तू काळ्या कापडावर ठेवा आणि टॉर्च एका बाजूने जवळजवळ आडवी धरा. रेषांच्या सावल्या पडतात आणि सपाट दिसणारं चिन्ह उठून येतं. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून वेगवेगळे फोटो घ्या. एका बाजूने न दिसलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने दिसतं. मागची बाजू, बूड, कडा आणि मुठीच्या आतला भाग सोडू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो हवाच.

कोरीव काम खोल असेल तर बटर पेपर ठेवून पेन्सिलने अलगद ठसा घ्या. लाखेच्या शिक्क्यावर चिन्ह आणि अक्षरं उलटी कोरलेली असतात, म्हणून त्याचा फोटो आरशासारखा उलटवून पाहा.

५. हे घराण्याचं चिन्ह आहे का, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून या पायरीवर रेंगाळायला हवं. मुंबईतल्या घरांत सापडणारी बरीच चिन्हं कुठल्याच कुटुंबाची नसतात.

सिंह आणि एकशिंगी घोडा ढाल धरून उभे असतील, तर ते ब्रिटिश राजसत्तेचं चिन्ह आहे. ते सरकारी सामानावर असे, पट्टेवाल्याच्या बिल्ल्यावर असे, आणि राजघराण्याला माल पुरवणाऱ्या दुकानांच्या डब्यांवरही असे. त्यावरून माणूस कळत नाही, पण काळ कळतो. ढालीच्या एका भागात फ्रान्सची लिलीची फुलं असतील तर नमुना १८०१ पूर्वीचा. फुलं नाहीत, पण मधोमध टोपी किंवा मुकुट असलेली आणखी एक छोटी ढाल आहे, तर १८०१ ते १८३७ मधला. दोन्ही नसेल तर १८३७ नंतरचा, म्हणजे व्हिक्टोरिया राणी किंवा तिच्यानंतरचा.

ढालीवर मोठा क्रॉस आणि बाजूला निशाणं धरलेले सिंह असतील तर ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह तपासून पाहा. मुंबई इलाख्याच्या तागडी छाप तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला तराजू आणि दुसऱ्या बाजूला हेच चिन्ह आहे. घरात जुनी नाणी असतील तर शेजारी ठेवून ताडून बघा.

परळ, लोअर परळ, माटुंगा इथल्या कारखान्यांत ज्यांचे आजोबा कामाला होते त्यांनी आधी रेल्वेची चिन्हं पाहावीत. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं चिन्ह छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेलं आहे. फूटपाथवर उभं राहून मोबाइलवर झूम करून जुळवता येतं. जीआयपी आणि बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या दोन्ही रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला अनुक्रमे मध्य आणि पश्चिम रेल्वेत विलीन झाल्या. ही अक्षरं असलेली वस्तू बहुधा त्याआधीची. कोकणातून येऊन बोटीवर गेलेल्यांच्या घरी उगवता सूर्य असलेली भांडी दिसतात. ती पी अँड ओ कंपनीच्या बोटींवरची असू शकतात.

कंपास आणि गुण्या एकमेकांवर ठेवलेले असतील तर ते फ्रीमेसन या बंधुसंघाचं चिन्ह आहे. बिगुल असेल तर लाइट इन्फंट्रीतली पलटण शोधा. ढालीभोवतीच्या गोल पट्टीवर 'हेवन्स लाइट अवर गाइड' असं इंग्रजी वाक्य असेल तर तो स्टार ऑफ इंडिया हा किताब, स्थापना १८६१. लॅटिनमध्ये 'इम्पेराट्रिसिस ऑस्पिसिइस' असेल तर ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर, १८७८. वस्तू त्या सालाआधीची असूच शकत नाही.

आता संस्थानं. "महाराजांनी दिलं" ही गोष्ट तपासताना १८७७ हे साल डोक्यात ठेवा. त्या वर्षीच्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना रेशमी ध्वज दिले. त्यांवरची ढाली-जनावरांची चिन्हं बंगालमधले सनदी अधिकारी रॉबर्ट टेलर यांनी युरोपीय पद्धतीने आखली होती. बहुतेक संस्थानांची आज ओळखीची असलेली राजचिन्हं तिथून पुढची आहेत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हात नाग आणि सूर्य, म्हैसूरच्या चिन्हात दुतोंडी गंडभेरुंड, त्रावणकोरचा शंख. बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद 'जीन घर जीन तख्त', भावनगरचं 'मनुष्य यत्न ईश्वर कृपा'.

मात्र निव्वळ ब्रीदवाक्यावर विसंबू नका. 'यतो धर्मस्ततो जयः' हे जयपूर संस्थानाचं ब्रीद आहे, मुंबई महानगरपालिकेचं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचंही आहे. पालिकेच्या नोकरीतून आलेल्या वस्तूला जयपूरशी जोडणं सहज शक्य आहे. ब्रीद, चित्र आणि घरातले कागद, तिन्ही जुळायला हवेत.

"पेशव्यांकडून आलेली" म्हणून जपलेल्या वस्तूवर ढाल, मुकुट आणि दोन्ही बाजूंना सिंह असतील तर ती गोष्ट बाजूला ठेवा. मराठेशाहीत ओळख मुद्रेवर असे, आणि मुद्रेत मजकूर असे. शिवाजी महाराजांची 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि पत्राच्या शेवटी उठणारी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब आपल्याला पाठच असते. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव, 'हर्षनिधान' आणि 'मुख्य प्रधान' हे शब्द येत. असा लेख असेल तर तुमची वाट वेगळी: मोडी वाचणाऱ्याला आणि पुराभिलेखागाराला गाठा.

वसई, उत्तन, गोराई, वांद्रे इथल्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. पाच छोट्या ढाली आणि भोवती किल्ले हे पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह. वसईचा किल्ला १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि तिथल्या दगडांवर अशी चिन्हं अजून दिसतात. पण परेरा, डिसोझा ही आडनावं धर्मांतराच्या वेळी पाद्री किंवा धर्मपित्याकडून आलेली असू शकतात. त्या आडनावाच्या पोर्तुगालमधल्या सरदार घराण्याचं चिन्ह आपोआप आपलं होत नाही.

६. खरंच कुटुंबाचं असेल तर ते वाचा

पूर्ण चिन्हात ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, त्यावर क्रेस्ट म्हणजे टोपावरचा तुरा, आणि पट्टीवरचं ब्रीद असतं. दोन्ही बाजूंना आधार देणारी जनावरं सर्वांना मिळत नसत. ती मुख्यतः मोठ्या सरदारांना आणि संस्थांना मिळत. चमच्यांवर आणि तबकांवर जागा कमी, म्हणून पुष्कळदा नुसता क्रेस्ट कोरत. अडचण अशी की एकच क्रेस्ट कितीतरी कुटुंबं वापरत. त्यावरून एकच नाव पक्कं होत नाही.

ढालीचे रंग धातूवर कसे दाखवणार? त्यासाठी रेषांची ठरलेली खूण आहे. भिंगातून पाहा: ठिपके म्हणजे सोनेरी, कोरं म्हणजे रुपेरी, उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, उभ्या-आडव्यांची जाळी म्हणजे काळा. आपल्या डाव्या हाताकडून वरून खाली उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेषा हिरवा रंग दाखवतात, उलट्या तिरप्या जांभळा. या रेषांना नक्षी समजून सोडून देतात आणि निम्मी माहिती तिथेच हातची जाते.

ढाल मधोमध उभी दुभागलेली असेल तर बहुधा बघणाऱ्याच्या डावीकडे नवऱ्याचं आणि उजवीकडे बायकोच्या माहेरचं चिन्ह असतं. असं जोडचिन्ह मिळालं तर आनंद माना, कारण दोन आडनावांची जोडी लग्नाच्या नोंदीत चटकन सापडते. ढालीवर छोटा उघडा पंजा असेल तर मालक बॅरोनेट होता. मुंबईत हा किताब जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या घराण्यात किताब घेणारा प्रत्येक वारस नावही जमशेटजी जीजीभॉय असंच लावतो. त्यामुळे वस्तूवर नाव असलं तरी ते कोणत्या पिढीचं हे सालावरूनच ठरवावं लागतं.

क्रेस्टभोवती बकलाचा पट्टा असेल तर स्कॉटलंडकडे वळा. त्या पद्धतीत क्रेस्ट कुळाच्या प्रमुखाचा असतो आणि पट्टा-बकलासह तो कुळातला कुणीही लावू शकतो. आत्याच्या तबकावर हेच होतं. पट्ट्यावरची झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडात 'ने ऑब्लिव्हिस्कारिस' अशी लागली. रानडुकराचं मुंडकं आणि हे ब्रीद म्हणजे कॅम्पबेल कुळ. तबकाचा मूळ मालक कुणीतरी कॅम्पबेल होता इतकंच यातून कळलं, कोणता ते नाही. ते उत्तर आजोबांच्या कागदांत मिळालं: बॅलार्ड इस्टेटमधल्या त्यांच्या ऑफिसच्या दाखल्याखाली त्याच आडनावाच्या मॅनेजरची सही आहे.

क्रेस्टवरून नाव शोधायला फेअरबेर्नचा कोश, आणि ढालीच्या वर्णनावरून नाव शोधायला पॅपवर्थचा कोश वापरतात. बर्कचा कोश उलट दिशेने चालतो, आडनावावरून चिन्हाकडे. म्हणून तो शेवटी, पडताळणीसाठी उघडा. तिन्ही जुने असल्याने इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात.

७. मागचे ठसे

चिन्ह आणि कारागिराचे ठसे वेगळे. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडमधली स्टर्लिंग चांदी. सोबत बिबट्याचं तोंड असेल तर लंडन, नांगर असेल तर बर्मिंगहॅम, मुकुट असेल तर शेफील्ड. हा मुकुट पाहून पुष्कळजण राजघराण्याच्या कल्पनेत शिरतात. तो फक्त तपासणी कचेरीचा ठसा आहे. राजा किंवा राणीचं बारीक डोकं असेल तर वस्तू बहुधा १७८४ ते १८९० मधली. ई-पी-एन-एस ही रोमन अक्षरं असतील तर चांदी फक्त वरच्या थरात आहे. भारतात घडवलेल्या चांदीवर असे ठसे नसणं नेहमीचं. भूजचे प्रसिद्ध कारागीर ओमरसी मावजी मात्र 'ओ. एम.' असा ठसा मारत.

झवेरी बाजारात तपासायला नेलंत तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, मशीनवर तपासायला सांगा. मशीन मुख्यतः वरचा थर वाचतं, त्यामुळे मुलाम्याची वस्तूही चांदीची म्हणून येऊ शकते. ठसे आणि मशीन दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवा.

८. मुंबईत कुठे जायचं

डोळा तयार करायला हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जा. १७१८ साली उघडलेल्या या चर्चच्या भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर नाव, साल आणि कुलचिन्ह एकत्र आहे. तिथे तासभर फिरलात की ढाल, तुरा, जोडचिन्ह हे सगळं आपसूक कळायला लागतं. प्रार्थना चालू असेल तर थांबा, आणि फोटोआधी विचारा.

टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुन्या डिरेक्टऱ्या मागा. टाइम्स ऑफ इंडियाची किंवा थॅकरची वार्षिक डिरेक्टरी मिळाली तर कोणत्या साली कोणत्या पेढीत कोण साहेब होता ते पाहता येतं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे जाताना ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज आणि नेमकी सालं घेऊन जा. "आमच्या घराण्याबद्दल काही आहे का?" या प्रश्नाला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. "१९१० ते १९१५, अमुक खातं" असं म्हणालात तर पुढचं काम सुरू होतं. घरबसल्या शोधायचं तर ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांसाठी 'फिबिस' या संस्थेची मोफत सूची आहे.

मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजारातल्या जुन्या दुकानदारांची नजर तयार असते. फोटो दाखवून मत घ्यायला हरकत नाही, पण वस्तू नेऊ नका. विकत घेणाऱ्याने सांगितलेली किंमत आणि ओळख दोन्ही त्याच्या सोयीची असू शकतात.

९. पैसे आणि कायदा: इथे सांभाळा

आडनाव टाकून "तुमच्या घराण्याचं कुलचिन्ह" फ्रेम करून देणाऱ्या दुकानांना पैसे देऊ नका. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. आडनावाला मिळत नाही. ते देणारी कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था लंडनमध्ये १४८४ पासून आहे. आपल्याकडे कुळाचं देवक असतं, कुलदैवत असतं, त्यांना ढालीत बसवून सर्टिफिकेट विकणाऱ्यांकडे त्यासाठी कुठलाही आधार नसतो.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनच्या तज्ज्ञाला वस्तू कुरियर करू नका, अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेतही घालू नका. फोटो पुरतात. मूठ हस्तिदंती असेल तर विक्रीचा विषयच काढू नका, वन्यजीव कायदा लागू होतो. तलवार किंवा कट्यार दाखवायला लोकलने नेऊ नका. ती घरीच ठेवा आणि परवान्याबद्दल आपल्या पोलीस ठाण्यात विचारा.

१०. लिहून ठेवा, नीट ठेवा

एका कागदावर तीन रकाने करा: वस्तूवर जे दिसतं, कागदांतून जे सिद्ध होतं, घरात जे सांगतात. तिसऱ्या रकान्यातलं काही खोटं ठरलं तरी खोडू नका. कुणी सांगितलं आणि कधी, ते लिहा. पुढे एखादं पत्र सापडलं तर तीच ओळ उपयोगी पडेल. आत्याने वराहाची गोष्ट माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतली, आणि तबक पुन्हा देवघरात ठेवलं. मला ते योग्यच वाटतं.

चांदीला रबरबँड लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. रबरातल्या गंधकाने काळे पट्टे पडतात. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नोंदीचा कागद वस्तूला चिकटवू नका, कापडाच्या बाहेर पाकिटात ठेवा, आणि त्याचा एक फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये राहू द्या.